चारशे बारा सेक्टरांचा हिशेब

आमच्याकडे त्याला कुणी नेटवर्क ड्राइव्ह म्हणत नाही, ‘डबा’ म्हणतात. पुस्तकांच्या कपाटावर, राउटरच्या शेजारी बसलेला काळा डबा, आत २ टेराबाइटची एकच हार्ड डिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यात, माझी कामाची कागदपत्रं त्यात आणि दादाची पक्ष्यांच्या आवाजांची रेकॉर्डिंगही त्यातच. दादा पहाटे माइक लावून तीन-तीन तास हलत नाही. त्याची एकेक फाइल दीड-दोन गीगाबाइटची. ‘डब्यात टाक’ म्हटलं की विषय संपायचा. फोन भरला की फोटो डब्यात टाकायचे आणि फोनमधले पुसायचे, हे आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. म्हणजे डब्यात होती ती दुसरी प्रत नव्हतीच, एकुलती एक होती. हे इतकं साधं वाक्य माझ्या डोक्यात कधी उमटलं नाही, आणि मी घरातली ‘कॉम्प्युटरवाली’!

सुरुवात अगदी किरकोळ झाली. एक फोल्डर उघडायला वेळ लागायला लागला. मग एक फाइल कॉपी होताना मध्येच पाचेक मिनिटं अडकली आणि पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेली. मी वायफायला दोष दिला. केबल बदलली, राउटर बंद-चालू केला. शेवटी डबा बंद-चालू केला, तर एरवी दोन मिनिटांत उठणाऱ्या डब्याने वीस मिनिटं घेतली. तेव्हाही मी काय केलं? आणखी एकदा रीस्टार्ट. नंतर आणखी एकदा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर हिरव्या अक्षरांत ‘डिस्क : उत्तम’ असं दिसत होतं आणि त्या हिरव्या रंगावर मी तीन दिवस विसंबून राहिले.

चौथ्या दिवशी डब्यात एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून कमांड देत, शिरून कर्नलचा, म्हणजे डब्याच्या प्रणालीच्या गाभ्याचा, लॉग उघडला. पानंच्या पानं एकच रड : वाचायची कमांड फसली, मग ‘यूएनसी’, मग ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’, मग पुन्हा प्रयत्न. यूएनसी म्हणजे डिस्कला त्या जागचे बिट वाचताही येत नाहीत आणि चूक दुरुस्त करणारं गणित वापरूनही ते जुळत नाहीत. प्रत्येक वेळी काही सेकंद हेड, म्हणजे तबकडीवरचं वाचणारं टोक, त्याच जागी घिरट्या घालत होतं आणि तेवढा वेळ सगळा डबा मुका होत होता. वायफाय बिचारं निर्दोष होतं.

मग डिस्कची स्मार्ट माहिती काढली. हा डिस्कने स्वतःच ठेवलेला आजारपणाचा कागद असतो. त्यात पन्नास आकडे असतात, पण मी चारच बघितले. ५ क्रमांकाचा, म्हणजे बदली दिलेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यांत छोटा तुकडा) : शून्य. १९७ क्रमांकाचा, म्हणजे संशयित, निकाल लागायचे सेक्टर : ८८. १९९, म्हणजे केबलमधून जाताना झालेल्या चुका : शून्य. आणि ९, म्हणजे डिस्क किती तास चालली : ४१,८७०. पावणेपाच वर्षं अखंड फिरत होती बिचारी.

आता ५ शून्य आणि १९७ मोठा, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतं. मलाही वाटलं, बदली एकही दिलेली नाही म्हणजे बरंच म्हणायचं. पण डिस्क खराब सेक्टरला बदली जागा सहसा तिथे नव्याने काही लिहायला गेल्यावरच देते. नुसतं वाचायला गेलं आणि वाचता आलं नाही, तर ती जुना मजकूर टाकून देत नाही, ‘संशयित’ असा शिक्का मारून तसाच ठेवते, न जाणो पुढच्या वेळी वाचता आला तर. आमच्या डब्यात सगळं एकदाच लिहिलेलं आणि कधीतरी वाचलं जाणारं. त्यामुळे बदलीची वेळच आली नव्हती. आणि तो हिरवा ‘उत्तम’? तो डिस्क बनवणाऱ्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली की मगच लाल होतो. ८८ जागी वाचता येत नसताना डिस्क स्वतःला पास करून मोकळी होती.

त्या रात्री सगळ्यांत मोठी चूक केली. लॅपटॉपवरून डब्यातलं सगळं निवडलं, बाहेरच्या ड्राइव्हवर ओढलं आणि झोपायला गेले. सकाळी बघते तर कॉपी ११ टक्क्यांवर अडकलेली, आणि १९७चा आकडा ८८वरून २०४वर. कॉपी करणाऱ्या साध्या प्रोग्रामला अक्कल नसते. एक फाइल वाचता आली नाही की तो तिथेच डोकं आपटत बसतो. त्यातून हेड एका फोल्डरवरून दुसऱ्यावर सारखं उड्या मारत होतं. आणि मला माहीतच नव्हतं, पण डब्यातला फोटोंचे छोटे नमुने बनवणारा उद्योगी प्रोग्रामही रात्रभर तीच डिस्क पिंजत होता. म्हणजे आजारी माणसाला एकीकडून मी पळवत होते आणि दुसरीकडून तो.

तेव्हा डबा बंद केला आणि प्लग काढला. तिथून पुढे एक पथ्य पाळलं : डिस्क चालू करायची ती फक्त प्रत काढायला. ‘जरा बघू तरी’ म्हणून नाही.

डिस्क उघडायची वगैरे गोष्टींचा विचारही केला नाही. हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं, घरातला धुळीचा कण तिथे डोंगरासारखा. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्लाही एका हितचिंतकाने दिला. त्याने तबकडीवर दव धरतं, एवढंच त्याला सांगितलं. खरा प्रश्न एकच होता : हे आपण करायचं की डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडे द्यायचं? मी निकष साधा ठेवला. डिस्क टकटक आवाज करत असेल, फिरायला लागून थांबत असेल किंवा कॉम्प्युटरला स्वतःचं नाव-आकारमानही सांगत नसेल, तर हात लावायचा नाही, सरळ लॅब. आमची शांत फिरत होती, नाव सांगत होती, आकार सांगत होती. काही जागी वाचता येत नव्हतं एवढंच. दादाला विचारलं.

“तुला जमेल?” तो म्हणाला.

“जमेल बहुतेक. पण बिघडलं तर लॅबलाही जास्त अवघड जाईल.”

“किती जाईल?”

“सगळंही जाऊ शकतं.”

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “कर तू. फक्त मला दर तासाला फोन करून सांगू नकोस.”

नवी ४ टेराबाइटची डिस्क आणली. दुप्पट का, तर आधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी बाइट-न्-बाइट प्रत एका अजस्र फाइलमध्ये काढायची, आणि मग त्या प्रतीतून बाहेर काढलेल्या फाइली ठेवायलाही जागा हवी. नव्या डिस्कवर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, घातली. फॅट३२वर ४ गीगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि एक्सफॅटला फाइलमधल्या रिकाम्या जागा न लिहिता सोडणं जमत नाही.

डबा उघडणं हा वेगळाच छळ. स्क्रू एकही नाही, सगळ्या प्लास्टिकच्या खाचा. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून एकेक खाच सोडवली, दोन मोडल्या. डिस्क बाहेर आल्यावर पहिलं काम केलं ते तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत ‘जुनी – इथून’ लिहिलं, आणि नवीवर ‘नवी – इकडे’. शेजारी दोघींच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे. पोरकटपणा वाटेल, पण या सगळ्या प्रकारात डेटा कायमचा घालवायचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल. लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात आणि ती दर वेळी तीच राहतील याचा भरवसा नाही. म्हणून कमांडमध्ये मी सीरियल नंबर असलेलं लांबलचक नावच वापरलं.

आधी डिस्क यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे डिस्क यूएसबीने जोडायच्या खोबणीत, घातली. सोपं वाटलं म्हणून. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, नवी डिस्क दिसली की आपोआप उघडायची त्याची सवय बंद केली, जुनीला फक्त-वाचनाचा शिक्का मारला आणि डीडीरेस्क्यू सुरू केलं. हा ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातला, दुखऱ्या डिस्कची प्रत काढणारा अँटोनियो डियाझ डियाझ यांचा प्रोग्राम. नावाने गोंधळायला होतं, कारण मध्ये अधोरेषा असलेला डीडी_रेस्क्यू हा कर्ट गारलॉफ यांचा निराळाच प्रोग्राम आहे. त्यात भर म्हणजे डेबियन या लिनक्सच्या प्रकारात मला हव्या असलेल्या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू.

पहिले ४० गीगाबाइट सुसाट गेले. मग पहिली खराब जागा आली, डॉकमधली चिप गोंधळली, तिने स्वतःला रीसेट केलं आणि एसडीबी असलेली डिस्क एसडीसी म्हणून परत उगवली. डीडीरेस्क्यूच्या पायाखालची जमीनच गेली. हे तीनदा झालं. यूएसबी आणि साटा (डिस्कची मूळ जोडणी) यांच्यामधली ती स्वस्त चिप धडधाकट डिस्कसाठी असते, दुखण्यातल्या डिस्कचे नखरे तिला झेपत नाहीत. शेवटी डेस्कटॉप उघडला आणि डिस्क थेट मदरबोर्डच्या साटाला जोडली. नंतर एकदाही तुटलं नाही. हे आधीच करायला हवं होतं.

आणि इथे डीडीरेस्क्यूचा खरा गुण कळला. तो प्रत काढताना शेजारी एक छोटी मजकुराची फाइल लिहीत जातो, मॅपफाइल. डिस्कचा कुठला तुकडा मिळाला, कुठला अजून बघितलाच नाही, कुठे अडलं याची ती वही. मिळाला तर अधिकचं चिन्ह, अजून हात लावला नसेल तर प्रश्नचिन्ह, हरलो तर वजा. मध्येच वीज जावो, डॉक मरो, पुन्हा तीच कमांड दिली की प्रोग्राम वही उघडतो आणि जिथे थांबला तिथून पुढे जातो. मिळालेल्या जागी पुन्हा हेड नेत नाही. साध्या कॉपीत आणि यात हाच फरक. मॅपफाइल मात्र जुन्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवरच्या लिनक्सच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवू नये. मी पहिल्या प्रयत्नात मेमरीतच ठेवली होती, नशिबाने लगेच लक्षात आलं.

त्याची चाल मला फार आवडली. पहिल्या फेरीत तो हट्ट करतच नाही. अडलं की ती जागा सोडून पुढे उडी मारतो, पुन्हा अडलं की आणखी मोठी उडी. सहज मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्यायचं. पुढच्या फेरीत उलट्या दिशेने येऊन सोडलेल्या जागा दुसऱ्या टोकाकडून गाठतो. मग त्या जागांच्या कडा कुरतडतो. आणि मग अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडून बघतो. या खरवडण्यानेच डिस्कला सगळ्यांत जास्त त्रास होतो, म्हणून पहिल्या दौऱ्यात तो भाग मी बंदच ठेवला.

अकरा तास. डिस्क आडवी, सपाट, हलणार नाही अशी ठेवलेली, आणि तिच्यावर टेबलफॅन. फॅनशिवाय तापमान ५२ अंशांवर गेलं होतं, फॅनने ३८वर आलं. पडद्यावर वेगाचा आकडा १०५ मेगाबाइटवरून हळूहळू ६०च्या घरात उतरला. त्यात काही वावगं नव्हतं. डिस्क बाहेरच्या कडेकडून आत वाचत जाते, आणि आतल्या वर्तुळांवर एका फेऱ्यात कमी डेटा मावतो. पण रात्री दोन वाजता हे आठवायला वेळ लागतो.

सकाळी ९९.९३ टक्के. ऐकायला किती छान! पण २ टेराबाइटचं ०.०७ टक्के म्हणजे जवळजवळ १.४ गीगाबाइट. आणि ते कुठले १.४ गीगाबाइट, हे अजून कुणाला ठाऊक?

दादाला एकदाच फोन केला. “नव्व्याण्णव टक्के,” एवढंच सांगितलं. उरलेलं सांगितलं नाही.

दुसऱ्या दौऱ्यात खरवडणं चालू केलं. कर्नलची मधली साठवण टाळून थेट डिस्कशी बोलायची सोय असते, तीही वापरली, नाहीतर कर्नल आपल्या मनाने आजूबाजूचंही वाचायला जातो. आता वेग मेगाबाइटमध्ये नव्हता, बाइटमध्ये होता. काही वेळा मिनिटभर शून्य. पहिल्या रात्री १.४ गीगाबाइटचे ९० मेगाबाइट उरले, दुसऱ्या रात्री ६. मग दिशा उलटी करून एक दौरा दिला, तर आणखी बरंच हाताला लागलं. मग तीनदा पुन्हा प्रयत्न. त्यात जेमतेम वीसेक सेक्टर आले, आणि डिस्कमधून एक नवीन, बारीक, कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. तिथे थांबवलं. आणखी दहा दौरे दिले असते तर कदाचित आणखी दहा सेक्टर आले असते. कदाचित हेडच गेलं असतं.

शेवटचा आकडा : डिस्कचे एकूण २०,००,३९,८९,३४,०१६ बाइट, त्यातले न मिळालेले १६,८७,५५२. या डिस्कचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, बाहेरच्या जगाला ती ५१२चा असल्याचं भासवते. १६,८७,५५२ला ४,०९६ने भागलं, बरोब्बर ४१२. बाकी शून्य. हा भागाकार जुळला तेव्हा मला विनाकारण आनंद झाला.

जुनी डिस्क काढली, पिशवीत गुंडाळली आणि कपाटात ठेवली. तिचं काम संपलं होतं. प्रतीची फाइल फक्त-वाचनाची केली. आता ती माउंट करायची, म्हणजे डिस्कसारखी उघडायची, फाइली कॉपी करायच्या आणि झालं, असं वाटलं.

डिस्कवर चार भाग होते. दोन छोटे, एकमेकांची हुबेहूब नक्कल, त्यात डब्याची स्वतःची प्रणाली. तिसरा आणखी छोटा, स्वॅपचा, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायचा. चौथा आमचा. चौथा माउंट करायला गेले तर उत्तर आलं : चुकीची फाइल सिस्टिम, किंवा खराब सुपरब्लॉक, किंवा आणखी काही.

पोटात खड्डा पडला. पाच दिवस राबून सुपरब्लॉकच, म्हणजे फाइल सिस्टिमच्या मांडणीचं मुख्य पानच, गेला की काय? अशा वेळी बोटं आपोआप दुरुस्तीची कमांड टाइप करायला जातात. मी एफएससीके लिहून एंटरवर बोट ठेवलं होतं. फाइल फक्त-वाचनाची केलेली असल्याने काही बिघडलं नसतं, पण बोट उचललं आणि आधी कर्नलचा लॉग बघितला. तिथे एकच ओळ होती : ‘बॅड ब्लॉक साइज ६५५३६’.

फाइल सिस्टिम धडधाकट होती! झालं होतं असं की डब्यातला प्रोसेसर आपल्या कॉम्प्युटरातल्यासारखा नव्हता, पॉवरपीसी घराण्यातला होता, आणि डब्याची प्रणाली मेमरीची पानं, म्हणजे मेमरी वाटायचे तुकडे, ६४ किलोबाइटची धरून चालायची. बनवणाऱ्यांनी वेगासाठी फाइल सिस्टिमचे ब्लॉकही, म्हणजे डिस्कवरची जागा वाटायचे तुकडेही, तेवढेच मोठे केलेले. माझ्या डेस्कटॉपचं पान ४ किलोबाइटचं, आणि त्यावरच्या लिनक्स कर्नलला स्वतःच्या पानापेक्षा मोठा ब्लॉक असलेलं ईएक्सटी४ माउंट करता येत नव्हतं. हे डिस्कचं दुखणं नव्हतंच, डब्याची बोलीभाषा वेगळी होती. डिस्क ठणठणीत असती आणि डब्याचा फक्त वीजपुरवठा जळाला असता, तरी मी याच भिंतीवर आदळले असते.

वाट मात्र सोपी निघाली. कर्नलला जमत नसलं तरी ईएक्सटीची स्वतःची जी हत्यारं आहेत त्यांना ६४ किलोबाइटचा ब्लॉक समजतो. त्यातलं डीबगएफएस घेतलं. ते आपणहून फक्त-वाचनातच उघडतं, हे त्याचं सौजन्य. आत शिरून फोल्डरांची यादी मागितली आणि आमची सगळी फोल्डरं एकाखाली एक उभी राहिली : ‘फोटो’, ‘कागदपत्रं’, ‘दादा पक्षी’, आणि ‘नंतर बघू’ नावाचं एक, ज्यात नंतर कुणीच बघितलं नव्हतं. अख्खं फोल्डर बाहेर काढायची त्यात कमांड आहे, आरडंप. नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हं घालावी लागतात, ‘दादा पक्षी’पाशी मी दोनदा अडखळले. जवळजवळ १.३ टेराबाइट बाहेर यायला दीड दिवस लागला. घाई नव्हती, आता कुणी मरत नव्हतं.

एक फोल्डर उघडेना. ४१२पैकी एक सेक्टर नेमका त्या फोल्डरच्या नावांच्या यादीत पडला होता. आतल्या फाइली शाबूत, पण त्यांची नावं कुठे लिहिली होती तेच पान फाटलं. इथे दुरुस्ती करणं भाग होतं, पण मूळ प्रतीवर नाही. लिनक्समध्ये प्रतीवर जणू पारदर्शक कागद ठेवता येतो : जे काही लिहिलं जाईल ते वेगळ्या छोट्या फाइलीत जातं, खालची प्रत कोरी करकरीत राहते. त्या कागदावर एफएससीके चालवलं. ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये २१४ फाइली आल्या, नावाच्या जागी फक्त आकडे. सगळे फोटो निघाले. फोटोच्या आत कॅमेऱ्याने तारीख-वेळ लिहिलेली असते, तिच्यावरून नावं दिली. मूळ नावं काय होती ते कुणालाच आठवत नाही, तेव्हा तक्रारही नाही.

उरला तो खरा प्रश्न : उरलेले सेक्टर कुठल्या फाइलींत होते? कॉपी झालेली प्रत्येक फाइल वरून चांगलीच दिसते. आकार बरोबर, नाव बरोबर, आत कुठेतरी ४,०९६ शून्यं. हे शोधल्याशिवाय मला ‘झालं’ म्हणवेना.

याला मॅपफाइल पुन्हा उपयोगी पडली. एक उदाहरण इथे मांडते, कारण मला हा हिशेब समजायला अर्धा दिवस लागला. वहीत एक खराब जागा होती, षोडशमान पद्धतीत लिहिलेली. दशमानात तो बाइट ७,३९,००,८६,६३,५५२वा. आमचा चौथा भाग सुरू होतो ४,७८,१५,०६,५६०व्या बाइटला. वजाबाकी केली, ७,३४,२२,७१,५६,९९२. ब्लॉक ६५,५३६चा, भागलं : १,१२,०३,४१७ आणि वर थोडंसं. म्हणजे ब्लॉक क्रमांक १,१२,०३,४१७. डीबगएफएसला विचारलं, हा ब्लॉक कुणाचा? त्याने आयनोडचा, म्हणजे फाइलीच्या आतल्या नोंदीचा, नंबर दिला. मग विचारलं, या आयनोडचं नाव काय? उत्तर आलं, ‘दादा पक्षी’मधली एक वेव्ह फाइल.

हेच सगळ्या जागांसाठी एका छोट्या स्क्रिप्टने केलं. बरेच सेक्टर एकमेकांना लागून होते, कित्येक तर रिकाम्या जागेत पडलेले, म्हणजे त्यांच्यासाठी डिस्कने उगाचच जिवाचं रान केलं. शेवटी बाधित फाइली ३१.

या ३१ फाइलींनी मला फाइलींच्या स्वभावाबद्दल बरंच शिकवलं. व्हिडिओ सगळ्यांत दिलदार : क्षणभर हिरवे-गुलाबी चौकोन, मग जसंच्या तसं. जेपेग फोटो तिथपर्यंत ठीक, आणि भोकाच्या खाली एकतर राखाडी पट्टा किंवा सगळ्यांचे चेहरे जांभळे आणि बाजूला सरकलेले. असे १९ फोटो गेले. त्यातल्या ७ फोटोंच्या प्रती नातेवाइकांच्या फोनमध्ये सापडल्या. पण एक दाबून बांधलेलं सेव्हन-झिप बंडल होतं, माझ्या जुन्या कामाचं, आणि त्यात एकाच सेक्टरमुळे त्या जागेनंतरच्या फाइली एकही उघडेनात. जागा वाचवायला मी स्वतःच ते तसं बांधलं होतं. फोटोंना नावं-टिपा दिलेली एक डेटाबेस फाइलही गेली. फोटो आहेत, टिपा नाहीत.

दादाच्या रेकॉर्डिंगमध्ये मार बसलेली फाइल एकच, तीच वर सांगितलेली. न दाबलेल्या आवाजाचं एक बरं असतं, भोक पडलं तरी मागचं-पुढचं हलत नाही. हा ब्लॉक त्या फाइलीतला कितवा, तेही डीबगएफएस सांगतं : शून्यापासून मोजला तर ११,६२०वा. सेकंदाला १,७६,४०० बाइट, त्या हिशेबाने भोक १ तास ११ मिनिटं ५७ सेकंदांवर, आणि ४,०९६ बाइट म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले २३ भाग.

दादा रविवारी आला. मी त्याला वेळ न सांगता ती फाइल लावून दिली आणि म्हटलं, यात एक जागा गेलीय, ओळख. तो हेडफोन घालून डोळे मिटून बसला. सव्वातास उलटला, १ तास ११ मिनिटं आली आणि गेली, त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. आणखी दहा मिनिटांनी त्याने एकदम हात वर केला.

“ही बघ. टक् झालं.”

मी वेव्हफॉर्म उघडून बघितलं. तिथे डेटा शाबूत होता, शून्य एकही नाही.

“दादा, ही डिस्कची नाही.”

त्याने परत मागे नेऊन ऐकलं. परत ऐकलं. मग हेडफोन काढले.

“पेन,” तो म्हणाला. “माझ्या पेनाचं टोपण.”